सर्व्हर डाऊन नसतो तेव्हा

जुलैचा शेवटचा आठवडा ही वाशीम जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांची दरवर्षीची परीक्षा असते. खरीप पीक विम्याची मुदत साधारणपणे ३१ जुलैच्या आसपास संपते. सोयाबीन आणि तुरीच्या या जिल्ह्यात रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत केंद्रांच्या दारात माणसे उभी असतात. हातात आधार, सातबारा, पासबुक आणि पीकपेऱ्याच्या स्वयंघोषणापत्राच्या झेरॉक्स. आत संगणकाच्या पडद्यावर गोल चकरी फिरत राहते. केंद्रचालक मान वर न करता सांगतो, "सर्व्हर डाऊन हाय, दुपारून या." दुपारून गेलेल्या माणसाला उत्तर मिळते, "नेटच चालून नाई रायलं."

२०२३ च्या खरिपात राज्य सरकारने एका रुपयात पीक विमा जाहीर केला आणि महाराष्ट्रातून दीड कोटीहून अधिक अर्ज आले. अशा दिवसांत मुंबई-दिल्लीकडचे सर्व्हर खरोखरच गुडघे टेकतात, हे खोटे नाही. पण वर्षाचे बाकीचे अकरा महिनेही हेच दोन शब्द ऐकू येतात. सातबारा काढताना, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना, रेशन दुकानात अंगठा देताना, सगळीकडे दोषी एकच असतो आणि तो नेमका पाचशे किलोमीटर दूर बसलेला असतो. टेबलाखाली धूळ खात पडलेली निळी-करडी केबल, संगणकाच्या पाठीमागे तिचा जॅक जिथे खुपसलेला असतो ते नेटवर्क कार्ड आणि त्यावरचा मिणमिणता दिवा यांची चौकशी कोणी करत नाही. मंद चालणाऱ्या नेटच्या अनेक प्रकरणांत खरा गुन्हेगार मात्र तिथेच, हाताच्या अंतरावर असतो.

वाशीम १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन जिल्हा झाला. वाकाटकांच्या काळात वत्सगुल्म नावाने राजधानी असलेले हे गाव. कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव, रिसोड, मानोरा आणि स्वतः वाशीम, असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांच्या आत. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला, त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशीम. या कार्यक्रमात जिल्ह्याची प्रगती आकड्यांत मोजली जाते, आणि मूलभूत सुविधांच्या रकान्यात ग्रामपंचायतींची इंटरनेट जोडणीही येते. पण जोडणी आहे की नाही हे मोजणे वेगळे, आणि त्या जोडणीतून पॅकेट किती वेगाने बाहेर पडते हे मोजणे वेगळे. दुसरी मोजणी सरकारी रकान्यात बसत नाही. ती केंद्रातच बसून करावी लागते.

तर पॅकेट म्हणजे काय? संगणकावरून जाणारी कोणतीही गोष्ट, मग तो फोटो असो की अंगठ्याचा ठसा, तुकडे करून पाठवली जाते. इथरनेटच्या एका चौकटीत जास्तीत जास्त १५०० बाइट माल मावतो. त्यातले पत्त्याबित्त्याचे ४० बाइट वजा केले की प्रत्यक्ष मजकुराला १४६० उरतात. म्हणजे दोन मेगाबाइटची स्कॅन केलेली सातबाऱ्याची फाईल सुमारे १४०० पॅकेटांत विभागून निघते. नेटवर्क कार्डाचे काम एवढेच की मेमरीतून हे तुकडे उचलायचे, प्रत्येकामागे तपासणीचा आकडा जोडायचा आणि तारेवर सोडायचे. काम साधे, पण वेग थक्क करणारा. एक गिगाबिट क्षमतेचे कार्ड पूर्ण आकाराची पॅकेटे सेकंदाला ८१,२७४ सोडू शकते आणि सर्वांत लहान, ६४ बाइटांची असतील तर १४,८८,०९५. शंभर मेगाबिटच्या जुन्या कार्डाचे आकडे याच्या एक दशांश. हे आकडे जाहिरातीतले नाहीत; चौकटीची लांबी आणि दोन चौकटींमधली सक्तीची विश्रांती यांच्या गणितातून ते निघतात.

इथेच पहिला गैरसमज मिटवून टाकावा. शंभर एमबीपीएसचे कनेक्शन घेतले आणि फाईल सेकंदाला बाराच एमबीने उतरते आहे, अशी तक्रार अनेक जण करतात. त्यांची फसवणूक झालेली नसते. कनेक्शन बिटांत मोजतात, फाईल बाइटांत. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून शंभराचे साडेबारा. त्यातून पत्ते-शिक्के वगळले की साडेअकरा-बारा हाती लागतात. हिशेब बरोबर आहे. चिंता करायची ती हा आकडा एक-दीडवर येतो तेव्हा.

तो एक-दीडवर का येतो, याचे उत्तर शोधायला वाशीमहून थेट कॅलिफोर्नियाला जावे लागते. ऑक्टोबर १९८६. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यामध्ये जेमतेम ४०० यार्डांचे, म्हणजे साडेतीनशे मीटरच्या आसपासचे अंतर. दोहोंना जोडणारी लाईन सेकंदाला ३२ हजार बिट वाहायची. एके दिवशी ती ४० बिटांवर आली. ४० हजार नव्हे, नुसते ४०. तार तुटलेली नव्हती, यंत्रे चालू होती. व्हॅन जेकबसन या संशोधकाने मायकेल कॅरल्ससोबत त्याचा माग काढला, आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निबंध आजही संगणक जाळ्यांच्या अभ्यासक्रमात वाचला जातो. झाले होते असे: पॅकेट हरवले की पाठवणारा संगणक ते लगेच पुन्हा पाठवायचा; गर्दी वाढायची; आणखी पॅकेटे हरवायची; आणखी पुन्हा पाठवली जायची. सगळी लाईन त्याच त्या पॅकेटांच्या पुनरावृत्तीने भरून गेली.

जेकबसनने दिलेला उपाय जगभरच्या संगणकांत आजही बसलेला आहे. पाठवणाऱ्याने हळू सुरुवात करायची, पोच मिळत गेली तर वेग वाढवायचा, आणि एखादे पॅकेट हरवले की पुढे गर्दी आहे असे समजून वेग झपकन कमी करायचा. या शहाणपणामुळे इंटरनेट तेव्हा वाचले. पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे: पॅकेट हरवते ते गर्दीमुळेच. मंगरुळपीरच्या एखाद्या केंद्रात उंदराने कुरतडलेल्या केबलमुळे पॅकेट हरवले, तरी संगणकाला वाटते पुढे गर्दी आहे. तो बिचारा सभ्यपणे वेग कमी करतो. रस्ता मोकळा असतो आणि हा मात्र थांबत थांबत चालतो.

किती थांबत थांबत, तेही मोजता येते. मॅथिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक सूत्र मांडले. जाण्या-येण्याचा वेळ ४० मिलिसेकंद आणि शंभरात एक पॅकेट हरवते असे धरले, तर त्या सूत्राप्रमाणे वेग सेकंदाला साडेतीन मेगाबिटच्या आसपास अडकतो. लाईन शंभर मेगाबिटची असो की हजारची. दहा हजारांत एकच हरवले तर तोच वेग पस्तीसवर जातो. शंभरात पाच हरवू लागली की सूत्रही उपयोगी पडत नाही, कारण मग संगणक पोच येण्याची वाट पाहत नुसता बसतो: आधी एक सेकंद, मग दोन, मग चार. फिरणारी चकरी ती हीच. लिनक्समधली क्युबिक किंवा गुगलने २०१६ मध्ये आणलेली बीबीआर ही नवी तंत्रे याबाबतीत थोडी कमी भित्री आहेत. पण पॅकेट परत पाठवण्याचा वेळ तीही वाचवू शकत नाहीत.

एका टक्क्याने शंभराचे साडेतीन होतात, ही गोष्ट केंद्रचालकापासून जिल्हा परिषदेच्या अभियंत्यापर्यंत सगळ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. समृद्धी महामार्ग कारंजा आणि मालेगाव तालुक्यांतून जातो, त्यावर ताशी १२० ने गाडी पळते, पण खाली उतरून गावात शिरणाऱ्या रस्त्यावर खड्डे असतील तर घरी पोचायला लागणारा वेळ तो गावरस्ताच ठरवतो. संगणकाच्या बाबतीत गावरस्ता म्हणजे राऊटरपासून नेटवर्क कार्डापर्यंतची दोन-तीन मीटरची तार.

ही तार दिसायला एक असली तरी आत आठ असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. शंभर मेगाबिटच्या इथरनेटला दोन जोड्या पुरतात. गिगाबिटला चारही लागतात. म्हणून फक्त गिगाबिटला लागणाऱ्या दोन जोड्यांपैकी एक तार जॅकमध्ये ढिली झाली तर नेट बहुधा बंद पडत नाही, कार्ड गुपचूप शंभरावर उतरते. मालकाला पत्ता लागत नाही, कारण दिवा तर लागलेलाच असतो. अनेक कार्डांवर आणि स्विचवर, म्हणजे अनेक संगणक एकत्र जोडणाऱ्या पेटीवर, गिगाबिटला एक रंग व शंभराला दुसरा असतो, पण कंपनीगणिक रंग बदलतात, त्यामुळे भरवसा दिव्यावर न ठेवता संगणकाच्या सेटिंगवर ठेवावा. विंडोजमध्ये नेटवर्क कनेक्शनच्या स्टेटस खिडकीत वेग लिहिलेला असतो. तिथे एक जीबीपीएसच्या जागी १०० एमबीपीएस दिसले, किंवा त्याहून वाईट म्हणजे १० दिसले, तर पुढचे काही बघण्याआधी केबल बदलावी.

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त केबलांचे एक प्रकरण वेगळे सांगायला हवे. कॅट-सिक्स असे छापलेल्या पुष्कळ केबलांत आत तांबे नसते. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. ॲल्युमिनियमची विद्युत वाहकता तांब्याच्या साधारण साठ टक्के. कॅट-सिक्सच्या प्रमाणात शुद्ध तांबेच अपेक्षित आहे, त्यामुळे अशी केबल नावापुरतीच कॅट-सिक्स. वायरमन ती ओळखतो ती वजनावरून: खोके उचलले की हलके लागते. चाकूने तार खरवडली तर आत पांढरी चकाकी दिसते. चार-दोन मीटरवर ती कदाचित काम भागवते. पण पंचायतीच्या एका खोलीतून तलाठ्याच्या खोलीत, तिथून अंगणवाडीत, अशी ऐंशी-नव्वद मीटर ओढली की चुका सुरू होतात. शिवाय ॲल्युमिनियम ठिसूळ. क्रिम्पिंगच्या जागी दोनदा वाकले की तुटते, पण वरचे प्लास्टिक शाबूत असल्याने दिसत नाही. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो आणि पत्र्याखालून गेलेल्या तारेचा रोध आणखी वाढतो. दुपारी नेट मंद आणि रात्री ठीक, या तक्रारीमागे दर वेळी गर्दीच असते असे नाही.

मग वीज. विदर्भ-मराठवाड्यात पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात विजा पडतात; पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' हे सूचना देणारे ॲप काढले ते यासाठीच. गावात येणारी फायबर काचेची असते, तिच्यातून वीज वाहत नाही. भीती असते ती छपरावरून ओढलेल्या तांब्याच्या केबलची आणि राऊटरच्या पॉवर ॲडॉप्टरची. दूर कुठे वीज पडली तरी लांब तारेत झटका बसतो. पोर्ट पूर्ण जळाला तर बरे, माणूस तो बदलतो. खरा त्रास अर्धवट जळालेल्या पोर्टचा. दिवा लागतो, पत्ता मिळतो, व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, आणि मोठी फाईल टाकली की चुकांचा खच पडतो. असा पोर्ट पावसाळ्यानंतर वर्षभर 'सर्व्हर डाऊन' या नावाखाली नांदू शकतो.

आता सगळ्यात चकवणारा बिघाड. याला डुप्लेक्सची विसंगती म्हणतात. इथरनेटचा जन्म १९७३ चा, झेरॉक्सच्या पालो अल्टो येथील प्रयोगशाळेतला. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज हे त्याचे जनक, आणि मेटकाफला त्यासाठी २०२२ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या पहिल्या इथरनेटमध्ये एकच तार सगळ्यांची सामाईक होती. एकाने बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे. पुढे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलण्याची सोय झाली. कोणत्या पद्धतीने बोलायचे हे कार्ड आणि स्विच आपसांत ठरवतात. या वाटाघाटीचे प्रमाण १९९५ च्या फास्ट इथरनेटबरोबर आले. घोटाळा होतो तो कोणी हुशार माणूस एका बाजूला हाताने '१०० फुल' असे पक्के करतो तेव्हा. ही बाजू वाटाघाट बंद करते. समोरच्या बाजूला उत्तर मिळत नाही. वेग ती तारेवरून ओळखते, पण डुप्लेक्स ओळखता येत नाही, म्हणून नियमाप्रमाणे जुनी 'एकाने बोलायचे' पद्धत धरते. परिणाम असा की एक बिनधास्त बोलत सुटतो आणि दुसऱ्याला वाटते आपल्या बोलण्यावर कोणी आदळले, म्हणून तो आपले पॅकेट अर्धवट टाकून देतो.

पिंग केले, म्हणजे एक छोटे पॅकेट पाठवून उत्तर येते का हे पाहिले, तर सगळे उत्तम दिसते, कारण पिंगचे पॅकेट एकेकटे जाते-येते, टक्कर व्हायला दुसरे कोणी नसते. फाईल पाठवायला घेतली की वेग कोसळतो. त्यामुळे तपासायला आलेला तंत्रज्ञ पिंग करून "लाईन ओके" असा शेरा मारून निघून जातो आणि भांडण सुरू होते. दोघेही आपापल्या परीने खरे असतात. उपाय एका ओळीचा: दोन्ही बाजू ऑटोवर ठेवा. गिगाबिटच्या तांब्याच्या जोडणीत तर ही वाटाघाट सक्तीचीच आहे. जुन्या सरकारी इमारतींत पंधरा वर्षांपूर्वी बसवलेले स्विच आणि नवे संगणक एकत्र नांदतात तिथे या दुखण्याची आधी शंका घ्यावी.

कार्डाच्या आतल्या भानगडी याहून सूक्ष्म असतात. दोन हजारच्या दशकात स्वस्तातल्या कार्डांवर सर्रास दिसणारी रिअलटेक ८१३९ ही चिप घ्या. तिची रचना अशी होती की प्रत्येक पॅकेट प्रोसेसरला स्वतः एका जागेहून दुसऱ्या जागी उचलून ठेवावे लागे. फ्रीबीएसडी या प्रणालीसाठी तिचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, लिहिणाऱ्या बिल पॉलने ड्रायव्हरमध्येच या चिपच्या स्वस्तपणाची यथेच्छ खिल्ली उडवून ठेवली आहे. तरी या चिपनेच भारतातल्या हजारो सायबर कॅफेंना आणि शाळांच्या लॅबना जाळ्यात आणले, हेही मान्य करायला हवे.

कार्ड चांगले असूनही पॅकेट हरवण्याची एक विलक्षण घटना २०१३ च्या फेब्रुवारीत उघडकीला आली. क्रिस्टियन कीलहोफनर या अमेरिकी अभियंत्याच्या यंत्रांतले इंटेल ८२५७४एल हे कार्ड मधूनच मरून पडायचे. संगणक पूर्ण बंद करून वीज काढल्याशिवाय पुन्हा जिवंत व्हायचे नाही. बराच काळ माग काढल्यावर त्याला दिसले की एका विशिष्ट जागी विशिष्ट आकडा असलेले एकच पॅकेट आले की कार्डाचा प्राण जातो. इंटेलने तपास करून सांगितले की दोष चिपचा नाही. एका मदरबोर्ड उत्पादकाने कार्डाच्या स्मृतीत चुकीची माहिती भरली होती. असे प्रकार लाखांत एक. वाशीमच्या केंद्रचालकाने यातून घ्यायचे ते इतकेच: कार्डाचा ड्रायव्हर आणि फर्मवेअर हेही बिघडू शकतात. विंडोजने आपणहून बसवलेला सर्वसाधारण ड्रायव्हर काढून चिप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरचा बसवला, की अनेकदा मंदपणा निघून जातो. वीज वाचवण्यासाठी कार्डाला झोपवणारी सेटिंगही बंद करून पाहावी. २०१० मध्ये आलेली 'एनर्जी एफिशियंट इथरनेट'ची सोय काही स्वस्त स्विचांशी जमवून घेत नाही. लॅपटॉपला यूएसबीतून लावायचे लॅन अडॅप्टर असेल तर ते निळ्या, म्हणजे ३.० च्या पोर्टात आहे ना ते बघावे. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादाच ४८० मेगाबिट आहे. त्यात गिगाबिट मावायचे कसे?

पॅकेट कार्डातून वेळेत बाहेर पडत नाही, ही अडचण केवळ गावातल्या संगणकाची नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या संगणकांनाही तिने छळले आहे, आणि त्या कहाणीचा एक धागा वाशीमच्या शेजारीच निघतो. कारंज्याला लागून असलेल्या मूर्तिजापूर तालुक्यातले मुरंबा हे डॉ. विजय भटकर यांचे जन्मगाव. वाशीम तेव्हा अकोल्यातच होते, म्हणजे जिल्हा एकच. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यामागची कल्पना अशी की एक अवाढव्य प्रोसेसर बांधण्याऐवजी अनेक लहान प्रोसेसर जोडायचे. आता अनेक जोडले म्हणजे त्यांना सतत एकमेकांशी बोलावे लागणार, आणि बोलण्यात वेळ गेला तर गणित कधी करणार?

म्हणून सी-डॅकने स्वतःचे जाळे बांधले, 'परमनेट'. त्याची कार्डे आणि स्विच पुण्यात घडवले गेले. पॅकेट उचलून ठेवण्याचे हमालकाम मुख्य प्रोसेसरकडून काढून कार्डावरच्या स्वतंत्र सहप्रोसेसरकडे द्यायचे, ही त्याची मुख्य युक्ती. ८१३९ ने प्रोसेसरवर जे ओझे टाकले होते, त्याच्या बरोबर उलट. 'परम पद्म'मध्ये सेकंदाला अडीच गिगाबिटचे परमनेट-२ होते. तो संगणक जून २००३ च्या महासंगणकांच्या जागतिक यादीत १७१ व्या क्रमांकावर आला. 'परम युवा'साठी परमनेट-३ आले. २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या 'परम रुद्र' मालिकेच्या पिढीसाठी सी-डॅकने 'त्रिनेत्र' नावाचे जाळे विकसित केले आहे. आज कोणत्याही साध्या कार्डाच्या सेटिंगमध्ये 'ऑफलोड' असे शब्द दिसतात, ते याच युक्तीचे घरगुती रूप. मोठा तुकडा कार्डाला देऊन टाकायचा, पॅकेटे त्याने पाडायची. मात्र सदोष ड्रायव्हर असेल तर हीच सोय उलटते आणि पाठवण्याचा वेग एकाएकी पडतो. उतरणारा वेग ठीक आणि चढणारा मंद असेल, तर 'लार्ज सेंड ऑफलोड' बंद करून एकदा पाहणे, हा जाणकारांचा नेहमीचा प्रयोग आहे.

आता घराबाहेर पडू. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली, पुढे तिचे नाव भारतनेट झाले. वाशीम जिल्ह्यात ग्रामपंचायती पाचशेला थोड्या कमी. तालुक्याच्या ठिकाणाहून निघणारी फायबर वाटेत विभागली जाते आणि एका धाग्यावरची अडीच गिगाबिट उतरण्याची व सव्वा गिगाबिट चढण्याची क्षमता अनेक पंचायती वाटून घेतात. पहिल्या टप्प्यांतली मांडणी बहुतांशी सरळ रेषेची होती: रस्त्याच्या कामात जेसीबीने एका जागी फायबर तोडली की पुढची सगळी गावे अंधारात. ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १ लाख ३९ हजार कोटींहून अधिक खर्चाचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला, त्यात रेषेऐवजी कडे करण्याचे ठरले, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरीकडून वाट राहील. हा बदल योग्यच आहे. पण फायबर तुटली तर नेट बंद पडते, मंद होत नाही. बंद आणि मंद या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी.

बाहेरच्या वाटेवरचा एक मंदपणा मात्र ओळखून ठेवण्यासारखा आहे. पीपीपीओई पद्धतीच्या फायबर जोडणीत प्रत्येक पॅकेटमधले आठ बाइट त्या पद्धतीच्या शिक्क्याला जातात, म्हणून १५०० ऐवजी १४९२ च मावतात. राऊटरमध्ये हा आकडा चुकला असेल तर लहान पॅकेटे सुखरूप जातात, मोठी वाटेत अडतात. लक्षण ठरलेले: व्हॉट्सॲप चालते, गुगल उघडते, आणि नेमके सरकारी पोर्टल लॉगिनच्या पुढे सरकत नाही. दुसरे दुखणे राऊटरच्या पोटातल्या लांबलचक रांगेचे. जिम गेटिस याने २०१० च्या सुमारास त्याकडे जगाचे लक्ष वेधले. कोणीतरी एक मोठा व्हिडिओ चढवत असतो आणि त्याच्या पॅकेटांमागे अंगठ्याचे एवढेसे पॅकेट ताटकळत राहते. केंद्रात काम चालू असताना शेजारच्या पोरांना वायफायचा पासवर्ड देऊ नये, हा त्यावरचा अगदी गावठी पण हमखास उपाय.

मग शोध कुठून सुरू करायचा? नेहमी जवळून. संगणकावरून आधी मुंबई नव्हे, आपलाच राऊटर पिंग करावा, आणि चार वेळा नव्हे, हजार वेळा. तारेने जोडलेल्या राऊटरचे उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत यायला हवे आणि एकही पॅकेट हरवता कामा नये. हजारात पाच हरवली तरी पुढे जाण्यात अर्थ नाही. दोष खोलीतच आहे. मग केबल बदलायची, पण फक्त केबल. फरक नाही पडला तर जुनी परत लावून स्विचचा पोर्ट बदलायचा. तरीही नाही तर कार्ड. एका वेळी एकच वस्तू बदलायची ही शिस्त कंटाळवाणी वाटते, पण तीन वस्तू एकदम बदलणाऱ्याला नेट सुधारल्यावरही कळत नाही की बिघडले काय होते, आणि ती जुनी केबल कपाटातून परत निघते. कार्डाच्या आकडेवारीत चुकांचा रकाना असतो. लिनक्सवर 'एथटूल' तो दाखवते, विंडोजवर नेटस्टॅट. दहा मिनिटे फाईल पाठवून आणि उतरवून तो रकाना वाढतो का बघावे. शून्यावर स्थिर असेल तर कार्ड आणि केबल बहुधा निर्दोष.

शेवटची चाचणी आयपर्फची. हे फुकट मिळणारे साधन आहे. एकाच स्विचवरचे दोन संगणक घेऊन एकाने पाठवायचे, दुसऱ्याने घ्यायचे. इंटरनेट लागतच नाही. गिगाबिटवर ९४० च्या आसपास आणि शंभरावर ९४ च्या आसपास आकडा आला म्हणजे घरचे सगळे ठीक. एवढे झाल्यावरच दूरच्या सर्व्हरकडे बोट दाखवण्याचा हक्क मिळतो. वाशीम ते मुंबई पाचशे-साडेपाचशे किलोमीटर. फायबरमधला प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, तेव्हा जाऊन येण्याला पाच-सहा मिलिसेकंद पुरावेत. त्याहून जो जास्त वेळ लागतो तो वळणांचा आणि रांगांचा, आणि त्याचा जाब सेवा देणाऱ्याला विचारता येतो.

पण जाब विचारायला आकडे लागतात. "नेट स्लो आहे" या तक्रारीवर कोणतीही कंपनी "तपासले, ठीक आहे" असे उत्तर देऊन मोकळी होते. राऊटरपर्यंत हजारात शून्य पॅकेट हरवली, राऊटरच्या पुढे हजारात तीस हरवली, वेळ अमुक, तारीख अमुक, असे लिहून दिले की टाळाटाळ अवघड जाते. केंद्रचालकांनी तक्रार याच भाषेत करावी. जिल्हा परिषदेनेही पंचायत समितीगणिक एक केबल टेस्टर, एक क्रिम्पिंगचा पान्हा, शुद्ध तांब्याच्या केबलचे एक खोके आणि ते वापरता येणारा एक माणूस ठेवावा. सहा तालुक्यांना मिळून सहा टेस्टर लागतील.